कोनाड्यातले फोटो

घड्याळजींच्या उजव्या पायाची दोन बोटं कापली गेली. ती कुणामुळे कापली गेली हे ठरवायला शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली गेली, आणि ती वेळ नेमकी त्या बाईला दिली गेली, जिने बोटं जाताहेत असं तीन वेळा लिहून कळवलं होतं.

ही बाई वायरमनची वहिनी. घरोघर जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलणारी नर्स. एका मोठ्या सेवासंस्थेत बारा वर्षं काम, दिवसाला आठ घरं, खांद्याला बॅग, पायात जाड तळव्याचे बूट. संस्थेचं पत्र आलं त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तिने घड्याळजींच्या नावावर दुसऱ्याच पेशंटच्या जखमेचे फोटो पाठवले, ते पाहून डॉक्टर 'जखम भरतेय, आहे तेच चालू ठेवा' म्हणत राहिले आणि तोवर इकडे पाय सडला. चौकशी होईपर्यंत फेऱ्या बंद. दोष सिद्ध झाला तर यादीतून नाव कायमचं कमी. आणि या कामात एका यादीतून नाव गेलं की बाकीच्या याद्यांना ते आपोआप कळतं, कुणी कळवावं लागत नाही.

फोटो तिने आपल्या मोबाइलवरच्या ॲपमधून पाठवले होते. ते ॲप वायरमनच्या कंपनीने बनवलेलं.

वायरमन आता वायरमन राहिला नव्हता. तो प्रोग्रामर होता. पण त्याआधी नऊ वर्षं त्याने भिंतींतून वायरी ओढल्या होत्या, आणि हे कंपनीत कळलं त्या दिवसापासून त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. दादा-वहिनीच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून, जुन्या लॅपटॉपवर तो दोन वर्षं एकटा शिकला. वहिनी त्याचं ताट त्याच्या कोपराशी सरकवायची आणि म्हणायची, "भाऊजी, ते मशीन जेवत नाही. तुम्ही जेवता." पुढे नोकरी लागली, तरी तो दादाकडेच राहिला. संस्थेला ॲप हवंय ही बातमी कंपनीत त्यानेच नेली होती, वहिनीकडून ऐकून. म्हणजे आपल्याच घरातून त्याने हे काम उचलून नेलं होतं.

आता त्या ॲपची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि ती काही अवघड नाही. अवघड आहे असं दाखवून लोक पगार घेतात, तो भाग वेगळा.

ॲपमध्ये एका स्क्रीनवर फोटो काढायचे, पुढच्या स्क्रीनवर फॉर्म भरायचा. जखम किती लांब, किती रुंद, किती खोल, रंग कसा, वास कसा. फॉर्मच्या डोक्यावर ते फोटो नखाएवढे होऊन ओळीने दिसतात. एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना सोबत सामान द्यायची सोय फोनमध्ये असते, पण ती सोय म्हणजे टपालपेटीची फट. चिठ्ठी जाते, गादी जात नाही. नाव द्या, नंबर द्या, फोन मुकाट घेतो. बारा-चौदा फोटो एकदम कोंबायला गेलात की तो काही न बोलता अख्खं ॲप बंद करून टाकतो. संस्थेच्या डॉक्टरांना जखम सगळ्या बाजूंनी हवी होती, शेजारी मोजपट्टी धरून. त्यामुळे नर्सबाया बारा-बारा फोटो काढायच्या, 'पुढे' दाबायच्या, आणि ॲप उडायचं. पुन्हा पट्टी सोडा, पुन्हा फोटो काढा. पेशंट ओरडणार, बाया कंपनीला शिव्या घालणार.

हे वर्षभरापूर्वीचं. तेव्हा कंपनीच्या साहेबांनी वायरमनला बोलावलं.

"नीट करायचं तर फोटो आधी फोनच्या आत जागेवर ठेवायला लागतील," वायरमन म्हणाला. "पेशंटच्या नावाने. आणि पुढच्या स्क्रीनला फक्त बिल्ला द्यायचा. स्टेशनवर सामान ठेवतात तसं. बिल्ला दाखवायचा, ज्याचं सामान त्याला."

"किती वेळ?"

"चार दिवस."

"चार दिवस!" साहेब खुर्चीत मागे रेलले. "अरे, कुणी मरतंय का? फोटो इकडून तिकडे जायचेत. संध्याकाळपर्यंत दे."

साहेबांनी आयुष्यात जखम पाहिली होती ती दाढी करताना कापलेली. उंटावरून शेळ्या हाकायला तेवढं ज्ञान पुरतं.

वायरमनने संध्याकाळपर्यंत दिलं. त्याने दोन स्क्रीनच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा केला. म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मरणात एक उघडी जागा, जी दोन्ही बाजूंनी दिसते. पहिली स्क्रीन फोटो काढला की तो कोनाड्यात ठेवणार, दुसरी स्क्रीन उघडली की कोनाड्यात जे असेल ते उचलणार. कोनाडा एकच. त्याला दार नाही, त्यावर नाव नाही. सामान कुणाचं आणि नेणारा कोण, हे तो विचारत नाही. वायरमनने कोडमध्ये त्याचं नाव कोनाडाच ठेवलं आणि वर एक ओळ लिहिली, 'तात्पुरतं आहे, नंतर नीट करणे.' नंतर नावाचा वार कुठल्याच कॅलेंडरात नसतो. दुसऱ्या दिवशी ॲप उडायचं थांबलं, साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, आणि कोनाडा राहिला.

त्यामुळे पत्र आलं तेव्हा वायरमनला कोनाडा आठवला. पण क्षणभरच. कारण फोटो काढले, पुढे गेलं, फॉर्म भरला, पाठवला, या वाटेने त्याने कोनाडा शंभरदा तपासला होता आणि एकदाही चूक झाली नव्हती.

"मी त्यांच्याच पायाचे काढले हो," वहिनी म्हणत होती. "माझ्या डोळ्यांनी, माझ्या हातांनी."

"चुकली असशील एखादे वेळी," दादा म्हणाला. तो बसचा ड्रायव्हर. त्याच्या मते माणूस चुकतो आणि मशीन नादुरुस्त होतं, याच्या अधेमधे काही नसतं.

"एखादे वेळी चुकले असते तर एखादे वेळी चुकलं असतं. सहा भेटी आहेत! सहाच्या सहा वेळा चुकायला मी काय दारू पिऊन जाते?"

चूक सापडली होती ती घड्याळजींच्या मुलाला. बोटं कापल्यावर त्याने संस्थेत भांडून फोटो पाहायला मागितले. फोटोत पायाखाली फुलाफुलांची चादर होती. 'आमच्या घरात अशी चादर नाही,' तो म्हणाला. ती चादर होती एका शिंपीणबाईंची. मंगळवारी आणि शुक्रवारी वहिनी आधी शिंपीणबाईंकडे जायची आणि तिथून घड्याळजींकडे. दोघांचाही उजवा पाय, दोघांनाही साखरेचा आजार. शिंपीणबाईंची जखम झकास भरत होती. जवळून काढलेल्या फोटोत पाय कुणाचा ते कळत नाही, मांस दिसतं आणि कड दिसते. डॉक्टर ऑफिसात बसून शिंपीणबाईंची गुलाबी कड पाहत होते आणि घड्याळजी बरे होताहेत असं लिहीत होते. वहिनीने फॉर्ममध्ये लिहिलं होतं, 'कडा काळसर, वास आहे.' तीनदा लिहिलं. शेवटी फोनही केला. डॉक्टर म्हणाले, "बाई, फोटो बघतोय ना मी?"

मंगळवारी सकाळी वायरमन स्वयंपाकघरात येऊन बसला. वहिनीला फेऱ्या नव्हत्या. कपाटं घासून झाली होती, आता डबे घासत होती.

"वहिनी, तुम्ही हे नेमकं कसं करता, मला दाखवा. पहिल्यापासून. माझ्या फोनवर तपासणीची प्रत आहे, खोटे पेशंट आहेत."

"दाखवते. पाय काढा बाहेर."

त्याने पँट वर करून पाय खुर्चीवर ठेवला. दादा दुपारच्या पाळीला जायचा होता, तो चहाचा कप घेऊन दारात उभा.

"मी कोण?"

"तुम्ही पुढचे पेशंट. बसा तिथे आणि दुखतंय असं तोंड करा."

"ते लग्नापासून करतोय."

"गप्प बसा हो."

तिने वायरमनच्या नडगीचे फोटो काढायला सुरुवात केली. वरून, खालून, डावीकडून, शेजारी मोजपट्टी धरून. हात सरावाचे. बारा झाले. तिने फोन टेबलावर ठेवून दिला.

"ठेवला काय?" वायरमन म्हणाला. "पुढे दाबा ना."

"पुढे काय आहे?"

"फॉर्म."

"फॉर्ममध्ये खोली विचारलीय. जखम धुतल्याशिवाय खोली कशी मोजू? तुमच्या कपाळावरून?"

"मग?"

"मग हातमोजे." तिने भांड्यांचे रबरी मोजे हातात चढवले. "आता धुवायचं, साफ करायचं, मोजायचं, पट्टी बांधायची. वीस मिनिटं कुठे गेली नाहीत. शिंपीणबाईंना पंचवीस, कारण त्या बोलतात फार. सगळं झालं की हात धुवून मग फॉर्म."

ऑफिसात सहा माणसांनी मिळून ते ॲप बांधलं होतं, आणि फोटो आणि फॉर्म यांच्यात वीस मिनिटं असतात हे सहापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशेबी बाई फोटो काढते आणि लगेच पुढे दाबते, जसे ते स्वतः दाबत होते, गार खोलीत बसून, कोरड्या हातांनी.

"आणि या वीस मिनिटांत फोनला काय होतं?"

"काय व्हायचं? पडलेला असतो. पुढच्या भेटीची घंटा वाजते तेवढी, शिंपीणबाईंकडे तर दर वेळी. पंधरा मिनिटं आधी वाजते ना ती, बोंबलत राहते. पेशंट दचकतात."

"मग तुम्ही काय करता?"

"बंद करते."

"कशी? हातात मोजे असताना?"

तिने कोपर दाखवलं. "हे असं."

वायरमनने दुसऱ्या खोट्या पेशंटच्या भेटीची घंटा लावली. वहिनी त्याच्या नडगीवरून कोरडा कापूस फिरवत होती. घंटा वाजली, स्क्रीनभर पाटी आली, 'पुढची भेट.' वहिनीने मान वर न करता कोपराने पाटीवर ठोसा दिला. घंटा थांबली. ती कापूस फिरवत राहिली.

वायरमनने मान तिरकी करून पाहिलं. ठोशाने पाटी बंद झाली नव्हती, उघडली होती. थेट दुसऱ्या पेशंटचा फॉर्म. आणि फॉर्मच्या डोक्यावर नखाएवढे बारा फोटो, एका ओळीत. त्याची स्वतःची नडगी. केसांसकट, ड्रिल लागल्याच्या जुन्या वणासकट. खाली बारीक अक्षरांत, 'मसुदा जतन झाला.'

कोनाड्यात जे होतं ते फॉर्मने उचललं होतं. त्याला तेच सांगितलेलं होतं.

"पुढे करा," तो म्हणाला. आवाज नीट ठेवला. "आता दादाचे काढा."

वहिनीने मोजे उतरवले, सवयीने यादीवर परत जाऊन पहिल्या पेशंटचा फॉर्म पाठवला आणि मग दादाच्या पायाचे बारा फोटो काढले, दादाने बारा वेळा कण्हून दाखवलं. फॉर्म उघडला. वर वायरमनचीच नडगी. आधी जतन केलेलं असेल तर ते खरं मानायचं, हा नियमही वायरमननेच घातला होता, बायांचं काम वाया जाऊ नये म्हणून. दादाचे बारा फोटो ॲपने चुपचाप टाकून दिले होते.

"काय दिसलं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? तोंड बघा तुमचं."

"ऑफिसात जाऊन बघतो," तो म्हणाला आणि फोन खिशात घातला.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. तो क्षण होता. वहिनी समोर होती, भाऊ समोर होता, फोन हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. वायरमनने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि पँट खाली केली.

ऑफिसात साहेबांनी निवेदन तयारच ठेवलं होतं. फोटो सदर परिचारिकेच्या फोनवरून आले. तिच्याच नावाने प्रवेश करून आले. घड्याळजींच्या नावाखाली आले. ॲपमध्ये दोष आढळला नाही. चार वाक्यं, पहिली तीन खरी.

"सही कर," साहेब म्हणाले. "तंत्राचा माणूस म्हणून."

वायरमनने दार लावलं आणि सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

"मला."

"मग कुणालाच नाही."

"साहेब, ती बाई..."

"बाईला दुसरीकडे काम मिळेल. नर्सला काय तोटा? संस्थेचं काम गेलं तर इथली बावीस माणसं घरी बसतील. त्यांची बायका-पोरं तू बघणार?"

"ती माझी वहिनी आहे."

हे साहेबांना माहीत नव्हतं. ते आवाज मऊ करून म्हणाले, "मग तर तू अजिबातच बोलू नकोस. घरच्यांना वाचवायला गोष्ट रचली म्हणतील. तुझ्या बोलण्याने तिचंच वाटोळं होईल, बघ."

साहेब मूर्ख नव्हते. मूर्ख माणूस इतकं उपयोगी वाक्य शोधून काढत नाही. वायरमनला ते वाक्य आवडलं. कागद घेऊन तो जागेवर आला आणि बुधवारी, गुरुवारी त्याने सहीही केली नाही आणि वहिनीला सांगितलंही नाही. याला लोक विचार करणं म्हणतात. तो विचार करत नव्हता, तो घाबरला होता. एक्केचाळिसाव्या वर्षी, हातात पदवीच्या कागदाचा एक तुकडा नसताना, नोकरी गेली तर पुन्हा शिडीवर चढायचं होतं आणि गुडघे आता शिडीचे राहिले नव्हते. घरात जेवताना वहिनी विचारायची, "बघितलंत का काही?" तो म्हणायचा, "बघतोय."

शुक्रवारी संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर लांब टेबल. टेबलाच्या टोकाला मोठ्या डॉक्टरीणबाई, संस्थेच्या प्रमुख. एका बाजूला वहिनी, कामावरच्याच स्वच्छ कपड्यांत. समोर साहेब आणि त्यांच्या शेजारी वायरमन. काही तांत्रिक विचारलं तर उत्तर द्यायला त्याला आणलं होतं. साहेबांनी कागद त्याच्यापुढे ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं.

"तुम्हाला काय सांगायचंय?" डॉक्टरीणबाईंनी वहिनीला विचारलं.

"मी त्यांच्याच पायाचे फोटो काढले. तिथे दुसरे कसे आले मला माहीत नाही. पण खाली शब्द आहेत ते वाचा बाई. शब्द तरी त्यांच्याच पायाचे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी वाचले. तीन तारखा, तीन वेळा. "पाठवण्याआधी फोटो तपासले का नाहीत?"

"एवढेसे दिसतात." तिने नख दाखवलं. "आणि काढलेला फोटो आपण होऊन बदलतो, हे मला कुणी शिकवलं होतं?"

साहेब बारीक हसले. "फोटो आपण होऊन बदलत नाहीत, मॅडम. आमचं निवेदन आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला. "यावर सही नाही."

"करतोय ना," साहेब म्हणाले आणि वायरमनकडे पाहिलं.

वायरमनने पेन उचललं. उचललं हे खरं आहे. मग बाजूला ठेवलं.

"शेवटचं वाक्य खोटं आहे," तो म्हणाला.

"वायरमन," साहेब म्हणाले.

"दोष आहे. मी दाखवतो. कुणीतरी हात पुढे करा."

कुणी केला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच आपला हात टेबलावर ठेवला. वायरमनने त्याचे फोटो काढले, फोन टेबलावर ठेवला, घंटा लावली. घंटा वाजली तेव्हा त्याने फोन वहिनीपुढे सरकवला. "रोजच्यासारखं बंद करा." वहिनीने सवयीने कोपर मारलं. दुसऱ्या पेशंटचा फॉर्म उघडला आणि त्यावर डॉक्टरीणबाईंचा हात आला, अंगठीसकट. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं.

"असं कोण वापरतं?" साहेब म्हणाले. "कोपराने! फोटो काढले की पुढे दाबायचं, साधी गोष्ट."

"हातमोजे घालून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हातमोजे कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी ते निवेदन उलटं करून ठेवलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

"हे कुणी बनवलं?"

"मी," वायरमन म्हणाला.

"कळलं कधी?"

"मंगळवारी."

"आणि असं होऊ शकतं, हे?"

वायरमनला इथे सुटायला जागा होती. कोपराचं खरंच त्याला माहीत नव्हतं, वीस मिनिटांचं माहीत नव्हतं. "एकाचं सामान दुसऱ्याला जाऊ शकतं हे करतानाच माहीत होतं," तो म्हणाला. "कसं जाईल ते माहीत नव्हतं."

"मंगळवारी?" वहिनी म्हणाली. ती डॉक्टरीणबाईंशी बोलत नव्हती.

"हो."

"आमच्या स्वयंपाकघरात?"

"हो."

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, जणू आत्ताच निघायचं होतं, आणि मग लक्षात आल्यासारखी तशीच बसून राहिली.

निकाल दोन ओळींचा लागला. 'ॲपमध्ये तांत्रिक त्रुटी आढळली असून ती दूर करण्यात येत आहे. परिचारिकेवरील आक्षेप मागे घेण्यात येत आहे.' फॉर्ममधले शब्द न वाचणाऱ्या डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. वायरमनची नोकरीही गेली नाही. त्याला वाटलं होतं साहेब दारातच हिशोब करतील, पण कोनाडा कुठे कुठे घुसलाय हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? साहेब जिन्यात म्हणाले, "आता आमचं तोंड काळं केलंच आहेस तर नीट करून दे. किती दिवस म्हणाला होतास?" ज्या शिक्षेच्या भीतीने त्याने तीन दिवस तोंड शिवलं, ती कुणी दिलीच नाही. देणाऱ्यांना सोयीची नव्हती.

घरात वहिनी शनिवारी त्याच्याशी बोलली नाही. रविवारी दुपारी दादा कामावर गेल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"घड्याळजींना कोण सांगणार?"

"संस्था पत्र पाठवतेय."

"काय लिहिलंय त्यात?"

"तांत्रिक त्रुटी..."

"म्हणजे त्यांची बोटं त्रुटीने कापली." तिने खुर्ची ओढली पण बसली नाही. "माझ्यावर आलं तेव्हा माझं नाव होतं, भाऊजी. गल्लीतल्या चार घरांना माहीत होतं कुठली नर्स ते. आता नावच नाही कुणाचं?"

"तुमचं नाव सुटलं ना पण."

"सुटलं? त्या घरात मी उद्या जाणार, त्यांची पट्टी सोडणार आणि ते माझ्याकडे बघणार. त्रुटीकडे कोण बघतं? तिला तोंड आहे का?"

त्याने समोरचा लॅपटॉप मिटला.

"आता रोज पट्टी असते त्यांची, साडेआठला पहिली भेट तिथे आहे," ती म्हणाली. "तुम्ही येताय."

घड्याळजींचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीला लागून कामाचं टेबल, त्यावर डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, डब्यांच्या झाकणांत स्क्रू आणि चाकं, आकारावारी. घड्याळजी पलंगावर बसून होते, पाय उशीवर. पंचाहत्तरीचे, हडकुळे. वहिनीकडे त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"हे माझे दीर," ती म्हणाली. "यांना तुम्हाला काही सांगायचंय. मी तोवर सामान काढते."

वायरमनने सांगितलं. पहिली स्क्रीन, दुसरी स्क्रीन, मध्ये कोनाडा, मसुदा, घंटा. तो तीन-चार मिनिटं बोलला. घड्याळजींनी सगळं ऐकलं.

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले. "परत सांग."

"एक काम चार दिवसांचं होतं. मी ते अर्ध्या दिवसात केलं. ते धड झालेलं नाही हे मला माहीत होतं. त्यामुळे डॉक्टरांना तुमच्या पायाच्या जागी दुसऱ्याच बाईंचा पाय दिसत राहिला, बरा होणारा."

"आणि या नर्सबाई?"

"यांनी बरोबर कळवलं होतं. यांचा काही दोष नाही."

घड्याळजींचा हात मांडीवर होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, जणू मध्ये काही बारीक धरलंय. मग आतल्या खोलीकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"मुलाला सांगू नकोस. तो भांडायला उठेल. मला आता भांडण नको रे. मला बूट घालता आला पाहिजे."

वायरमनने मान हलवायला घेतली होती.

"त्यांना सांगायचंच आहे," वहिनी म्हणाली. तिने एक हातमोजा चढवला होता, दुसरा हातात होता. "तक्रार त्यांनी केली, बाबा. माझं नाव त्यांनी घेतलं. त्यांनी ऐकल्याशिवाय मी या घरात पट्टीला हात लावणार नाही."

"काय सांगायचंय?"

मुलगा आतल्या दारात आला होता. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा. त्याने आधी वहिनीकडे पाहिलं, मग या अनोळखी माणसाकडे.

"तुम्ही कोण?"

वायरमन उठून उभा राहिला. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. या खेपेला त्याने स्क्रीनपासून सुरुवात केली नाही, घंटेपासूनही नाही. आधी त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांची बोटं माझ्यामुळे गेली," आणि मुलगा एक पाऊल पुढे आला तरी तो बोलत राहिला.